दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट

दलित आत्मकथनांवर दोन आक्षेप गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे घेतले जात आहेत. पहिला असा की, ही सारी पुस्तके एकसारखी आहेत. तीच भूक, तोच गावकुसाबाहेरचा वाडा, तोच पाणवठा, तीच मेलेल्या ढोराची वाटणी. दुसरा असा की, यांत सांगितलेले सारे खरेच घडले कशावरून? लेखकाने मुलाखतीत एक सांगितले, पुस्तकात दुसरे लिहिले, भावाला तिसरेच आठवते. गंमत अशी की, हे दोन्ही आक्षेप पुष्कळदा एकाच तोंडून येतात. म्हणजे सारखे सांगितले तर साचेबद्ध, आणि वेगळे सांगितले तर अविश्वसनीय! मग दलिताने सांगावे तरी कसे? प्रस्थापित समीक्षेने याचे उत्तर कधी दिले नाही, कारण तिला ते द्यावेच लागले नाही. समीक्षकाच्या निकालावर अपील नसते.

अपील असते अशी एक जागा मात्र आहे, आणि तेथे हेच दोन आक्षेप कायद्याच्या भाषेत रोज लिहिले जातात. स्वतःच्या देशात जिवाला धोका आहे म्हणून माणूस परक्या देशाच्या दाराशी आश्रय मागतो. तेथले इमिग्रेशन खाते अर्ज फेटाळते. माणूस पुन्हा अर्ज करतो, खाते पुन्हा फेटाळते, आणि मग प्रकरण न्यायालयापुढे येते. या निकालपत्रांचा मी गेली काही वर्षे वाचक आहे. अंबाजोगाईत बसून हा नाद कशाला, असे एका मित्राने विचारले. कारण साधे आहे. जातपडताळणीत दावा फेटाळला गेलेल्या मुलांची निवेदने लिहून देण्याचे काम माझ्याकडे आपसूक आले. मराठीचा मास्तर, अक्षर बरे, फी नाही. ती निवेदने आणि ही निकालपत्रे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा दोहोंचे व्याकरण एकच असल्याचे दिसले. त्या व्याकरणाची ही समीक्षा आहे.

निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार छळाची पाच कारणे मानतो: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटाचे सदस्यत्व आणि राजकीय मत. जात हा शब्द त्यात नाही. दलिताला आश्रय मागायचा झाला तर 'विशिष्ट समाजगट' या चौथ्या दारातून वाकून आत जावे लागते. भारताने हा करार स्वीकारलेला नाही आणि त्याला जोडलेला १९६७ चा पूरक करारही स्वीकारलेला नाही. आपल्या कायद्यात निर्वासित असा कोणी नाहीच. परकीय तेवढे आहेत. १९४६ च्या कायद्यात ते तसे होते आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही तसेच आहेत. न्यायालयांनी मधूनमधून फट ठेवली. १९९४ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका इराणी निर्वासिताला इराणात परत पाठवू दिले नाही. १९९६ साली चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे असे बजावले. २०२१ साली रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने हात आखडता घेतला. हे येथेच सोडतो. फेटाळलेल्या दाव्यांचे खरे शास्त्र विकसित झाले ते ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत.

तेथे न्यायालय नेमके काय तपासते? सामान्य वाचकाचा समज असा असतो की, न्यायाधीश त्या माणसाची हकिकत ऐकतो आणि ती खरी की खोटी ते ठरवतो. तसे नाही. खात्याचा नकार न्यायालयापुढे येतो तेव्हा न्यायालय माणसाकडे बघत नाही, नकाराकडे बघते. नकार देताना नियम पाळला की नाही, महत्त्वाचा पुरावा डोळ्यांआड केला की काय, कोणत्याही शहाण्या माणसाला काढता येणार नाही असा निष्कर्ष काढला की काय, एवढेच. चूक सापडली तर नकार रद्द होतो आणि प्रकरण पुन्हा त्याच खात्याकडे जाते. खाते पुन्हा नकार देऊ शकते, फक्त या खेपेस नीट शब्दांत. दलित साहित्याच्या चर्चेत 'नकार' हा शब्द आपण अभिमानाने वापरला. हा दुसरा नकार आहे. याला जावक क्रमांक असतो.

तरीही या मर्यादेत काही न्यायाधीशांनी माणुसकीची जागा काढली, हे नाकारता येणार नाही. १९८७ साली ब्रिटनच्या लॉर्ड्स सभेपुढे युगांडाच्या एका माणसाचे प्रकरण होते. तो केनियामार्गे आलेला. आधी पाहुणा म्हणून देशात शिरू पाहिले, ते जमले नाही तेव्हा आश्रय मागितला. म्हणजे खात्याच्या दृष्टीने पहिलीच गोष्ट खोटी. तरी लॉर्ड्सनी सांगितले की, जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे सरकारच्या निर्णयाची छाननी सर्वांत जास्त काळजीने झाली पाहिजे. आणि त्याला केनियात पाठवले तर केनिया त्याला युगांडाच्या हाती देईल की नाही हे खात्याने पाहिलेच नाही म्हणून नकार रद्द केला. त्याआधी ४ एप्रिल १९८५ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने काही निर्वासितांच्या, बहुतेक भारतातून गेलेल्या शिखांच्या, प्रकरणात मोठाच निकाल दिला. त्या काळी कॅनडात अर्जदाराचा जबाब टंकलिखित होऊन वर जाई. मंत्र्याने नाकारल्यावर फेरतपासणीही त्या कागदावरच होई. यश मिळण्यासारखे कागदात दिसले तरच समक्ष सुनावणी. न्यायालय म्हणाले, माणूस खरा की खोटा हाच प्रश्न असेल तर त्याला समोर बसवून ऐकल्याशिवाय तो सुटत नाही.

हे वाचून मला दलित साहित्य आठवले. आम्हांला कागदावरून ओळखणाऱ्यांनी आमच्या खरेपणाचा निकाल दिला होता, आणि आत्मकथन ही आम्ही स्वतःच भरवलेली समक्ष सुनावणी होती.

परंतु मुख्य गाठ आहे ती दुसऱ्या दाव्याची. एकदा फेटाळल्यावर माणूस पुन्हा काही सांगू लागला तर त्याचे काय करायचे? ब्रिटनच्या नियमावलीत याला ३५३ वा नियम आहे. नवा मजकूर पूर्वी विचारात घेतलेला नसावा, आणि जुन्या मजकुरासह पाहता यशाची वास्तव शक्यता त्यातून दिसावी. तरच त्याला नवा दावा मानायचे. वरवर हे रास्तच वाटते. पण यातली अडचण अर्जदाराच्या जागी बसल्याशिवाय दिसत नाही. जुनेच सांगितले तर त्यात नवे काही नाही. नवे सांगितले तर ते पहिल्यांदा का सांगितले नाही? आणि पहिली गोष्ट खोटी ठरलेली असल्यामुळे दुसरी ऐकताना अधिकारी पहिलीच्या चष्म्यातून ऐकतो. ऑस्ट्रेलियाने तर दाराला कडीच घातली. तेथील कायद्याचे एक कलम दुसऱ्यांदा आश्रयाचा अर्ज करू देत नाही. २०१३ साली तेथील संघीय न्यायालयाने त्या कलमातून वाट काढली: पहिला अर्ज एका कायदेशीर आधारावर असेल तर वेगळ्या आधारावर दुसरा करता येईल. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून ती वाट बुजवली. न्यायालयाने एक फट शोधली की विधिमंडळ गिलाव्याचे घमेले घेऊन हजर!

आता दुसऱ्यांदा का सांगावे लागते हे ज्यांना कळायचे असेल त्यांनी आपली आत्मकथने अर्ज म्हणून वाचून पाहावीत. मी तसे केले. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमचं' लिहिले आणि ते वीसएक वर्षे घरात लपवून ठेवले. नवऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून. पुस्तक आले १९८६ साली. अधिकारी विचारील, बाई, इतकी वर्षे गप्प का होता? विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण नाही, दावा फेटाळला. १९७८ च्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो, दोघे एकच. अर्जदार दोन नावे वापरतो, ओळख संशयास्पद, फेटाळला. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'तला पोरगा शाळेत जातो तेव्हा बापाचे नाव काय लावायचे हीच अडचण. पितृकुळाचा पुरावा नाही; फेटाळला. हा विनोद नाही. मराठीतली ही तीन पुस्तके त्या कसोटीला उतरत नाहीत, याचा अर्थ कसोटीत खोट आहे. छळ झालेला माणूस लाजेने, भीतीने, कधी घरच्यांना जपण्यासाठी अर्धे सांगतो; उरलेले पुढे कधीतरी, विश्वासाच्या माणसापाशी. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाच्या १९७९ च्या मार्गदर्शिकेला हे समजले होते. निर्वासिताला प्रत्येक बाब सिद्ध करता येणार नाही, म्हणून शंकेचा फायदा त्याला द्यावा, असे तिचे म्हणणे. पण मार्गदर्शिका ही मार्गदर्शिकाच; तिने अधिकाऱ्याचा हात धरता येत नाही.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या प्रकाशात पुन्हा वाचले पाहिजे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले हे लहानसे आत्मकथन १९९० साली छापले गेले. त्यात व्हिसा काढण्याची गोष्ट कोठेच नाही. गोरेगाव आहे, बडोदे आहे, चाळीसगाव आहे, आमच्या मराठवाड्यातले दौलताबाद आहे. आपल्याच देशात फिरायला परवाना लागणारा माणूस, एवढा अर्थ शीर्षक सांगते आणि गप्प बसते. त्यातले बडोद्याचे प्रकरण तर आश्रयदाव्याच्या अभ्यासक्रमात लावावे असे आहे. परदेशी शिक्षण घेऊन आलेला हा माणूस संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला उतरतो. राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेचा रखवालदार वहीची अडचण सांगतो, तेव्हा वहीत पारशी नाव लिहितो असे हा माणूसच सुचवतो. ते नाव लिहिले जाते. सरकारी बंगल्याचा अर्ज दिवाणाकडे आज-उद्यावर पडलेला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी येतात आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणून सांगतात. मग दोन मित्रांकडे विचारणा. हिंदू मित्राचे नोकर पळून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारावे लागेल. शेवटी कमाठीबागेत बसून वेळ काढायची आणि रात्रीची मुंबईची गाडी पकडायची.

२००४ च्या ब्रिटिश कायद्याचे आठवे कलम या प्रकरणाला लावून पाहा. खोटा कागद दाखवणे, खऱ्या गोष्टी लपवणे ही वागणूक अर्जदाराच्या विश्वासार्हतेला बाध आणणारी म्हणून धरावी, असे ते सांगते. वहीतले ते पारशी नाव! खोट्या नावाने आसरा मिळवणारा अर्जदार म्हणून आंबेडकरांची विश्वासार्हता तेथेच संपली असती. ते नाव का घ्यावे लागले, खरे नाव सांगितले असते तर काय झाले असते, हे प्रश्न कलमाच्या बाहेरचे. १९५१ च्या करारकर्त्यांना मात्र हे ठाऊक होते. बेकायदा प्रवेशाबद्दल निर्वासिताला शिक्षा करू नये असे त्यांनी एकतिसाव्या कलमात लिहून ठेवले.

बडोद्याने आणखी एका युक्तिवादाचे उत्तर दिले आहे. भारतातून जाणाऱ्या अर्जदारांना परदेशी खाती एक ठरीव कारण देतात: तुमच्या गावात धोका असेल, पण तुमचा देश मोठा आहे, दुसऱ्या शहरात जाऊन राहा. कायद्यात याला अंतर्गत स्थलांतराचा पर्याय म्हणतात. कागदावर बिनतोड! पण जात माणसाच्या आधी पुढच्या गावाला पोचलेली असते, हे बडोद्याच्या स्टेशनावर उतरलेल्याला कळले. आणि स्थलांतराविषयी बीड जिल्ह्याला कोणी शिकवू नये. दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आमची निम्मी गावे उचल घेऊन, कोयता घेऊन, मुकादमामागे कारखान्यांवर जातात. तेथेही कोप्यांच्या रांगा जातीजातीने लागतात. पोराची शाळा मधेच सुटते, आणि पुढे वीस वर्षांनी त्याच शाळेचा दाखला समिती मागते.

येथे मी माझ्या जिल्ह्याच्या गोष्टीकडे येतो. परदेशात आश्रय मागायला गेलेला कोणी माझ्या ओळखीत नाही. पण राज्याकडे संरक्षण मागायचे, राज्याने तुझे तू कोण ते सिद्ध कर म्हणायचे, आणि नाकारल्यावर उच्च न्यायालयाची पायरी चढायची, हा क्रम येथल्या मुलांना चांगला ठाऊक आहे. महाराष्ट्राचा जातपडताळणीचा कायदा २००१ सालचा, तेविसावा. त्याच्या आठव्या कलमाने सिद्धतेचा भार दावेदारावर. सातव्या कलमाने समितीचा निर्णय अंतिम, दाद फक्त उच्च न्यायालयात. पुराव्याच्या तारखा ठरलेल्या: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१.

बीडमधल्या पारध्याच्या पोराला ही १९५० ची तारीख काय सांगते? हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, दप्तर उर्दूत. गुन्हेगार जमाती कायदा देशात रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे ज्या दिवसाचा पुरावा मागायचा त्या दिवशी त्याच्या आज्याचे नाव शाळेच्या पटावर असण्याचा प्रश्नच नव्हता. असलेच तर ते पोलिसाच्या हजेरीत. ज्या राज्यव्यवस्थेने त्याला फक्त चोर म्हणून लिहून घेतले तिचीच वारसदार व्यवस्था त्याला विचारते, तू नक्की पारधीच कशावरून? चोरीचा संशय घेताना मात्र हा प्रश्न कधी पडत नाही; तेथे जात बघताक्षणी वैध ठरते. आणि धोका? २०२० च्या मे महिन्यात केज तालुक्यातल्या मांगवडगावात शेतजमिनीच्या वादातून एका पारधी कुटुंबातले तिघे मारले गेले. मारणाऱ्यांनी त्यांचे वैधता प्रमाणपत्र मागितले नव्हते.

आता आपल्याच घरातली एक अडचण बोलली पाहिजे. पडताळणी ही आपलीच मागणी होती. बोगस दाखल्यांवर आपल्या मुलांच्या जागा गेल्या, नोकऱ्या गेल्या. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणात पडताळणीची पद्धत घालून दिली ते प्रकरणच खोट्या महादेव कोळी दाव्याचे होते. २०१७ साली त्याच न्यायालयाने, दाखला अवैध ठरला तर त्यावर मिळवलेली नोकरीही टिकणार नाही, असे सांगितले. ते योग्यच झाले. तेव्हा तपासूच नका, असे मी म्हणणार नाही. आश्रयदाव्यांतही लबाड असतात. माझी तक्रार तपासण्यावर नाही, तपासण्याच्या दोन तोंडांवर आहे. १९९४ च्या पद्धतीत दक्षता पथकाने दैवते, लग्नविधी, मयतीचे संस्कार विचारायचे. मुलाने पुस्तकात आहे तसेच सांगितले तर म्हणतात, पाठ करून आला. आजोबांपासून तालुक्याच्या गावी राहिलेल्या मुलाने वेगळे सांगितले तर आप्तभाव सिद्ध होत नाही. पुन्हा तोच साचा आणि तीच विसंगती! सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, आणि मग २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, आप्तभाव ही अंतिम कसोटी नव्हे असे सांगितले. त्याआधी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने एका कंजारभाट मुलीच्या प्रकरणात सांगितले होते की, सख्ख्या रक्ताच्या नात्यात वैधता मिळालेली असेल आणि तीत फसवणूक नसेल तर दुसऱ्याला ती नाकारू नये. आणि तरी एका भावाला मिळालेली वैधता दुसऱ्याला मिळत नाही असे कागद माझ्याकडे येतात. औरंगाबाद खंडपीठ आदेश रद्द करते. दावा फेरविचारासाठी समितीकडे परत. मुलाचे प्रवेशाचे वर्ष गेलेले.

कागद शोधणे हे दावेदाराचेच काम असते का? २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्याच्या निजामकालीन दप्तरात कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्याने स्वतः अंगावर घेतले. उर्दू आणि मोडी वाचणारे बसवले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा शासननिर्णय निघाला. त्या मागणीच्या बऱ्यावाईटात मी येथे शिरत नाही. माझा मुद्दा एवढाच की, मनात आणले तर राज्याला कपाटे उघडता येतात. पारधी, कैकाडी, वडार यांच्या नोंदींसाठी, त्या हजेरीच्या वह्यांसाठी, असे कोणी बसवल्याचे मी ऐकलेले नाही. ज्याच्यापाशी माणूसबळ आहे त्याच्यासाठी राज्य शोधते, ज्याच्यापाशी नाही त्याला शोधून आण म्हणते.

म्हणून साहित्याच्या समीक्षकाला माझी एक विनंती आहे. 'तोचतोचपणा' हा शब्द लिहिण्यापूर्वी त्याने एखाद्या फेटाळलेल्या दाव्याचा आदेश मिळवून वाचावा. त्यातला कारणांचा परिच्छेद त्याला ओळखीचा वाटेल. कॅनडाच्या न्यायालयाने मागितलेली समक्ष सुनावणी आमच्या समित्यांपुढे नावाला होते. पोराला चार प्रश्न विचारले जातात आणि उत्तराचा मजकूर कारकून आपल्या भाषेत उतरवतो. पोराची बोली त्यातून पहिल्यांदा जाते, मग त्याची गोष्ट. मी निवेदने लिहितो तेव्हा पोराचे शब्द तसेच ठेवतो. पहिल्या जबाबात नसलेले आठवले तर तेही, का आठवले त्यासह. वकील म्हणतात, याने केस बिघडते. काही बिघडल्या असतील. मजजवळ अशी निवेदने एक पत्र्याची पेटी भरून आहेत, बरीचशी जोडीने: पहिल्यांदा सांगितलेले आणि दुसऱ्यांदा सांगितलेले. ती या पानांवर क्रमाने छापावीत असे मला वाटते, विसंगती न काढता. नावे गाळून छापायला मुलांची हरकत नाही. दोघांनी तर नावासकट छापा म्हणून कळवले आहे.